फैजपूरचं प्रदर्शन आणि सूत कातणारीची मजुरी

बचत गटाचा स्टॉल लागला की आपण गोधड्या, कापडी पिशव्या, टोपल्या मांडतो. विकलं तर विकलं, नाहीतर गाठोडं बांधून घरी. आज सांगते ती आपल्याच खानदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनाची हकीकत.

साल १९३६. गाव फैजपूर. आज ते जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आहे, तेव्हा पूर्व खानदेशात होतं. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरायची ती पहिलीच वेळ. पंडित नेहरू अध्यक्ष होते. अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबरला झालं. त्याआधी, २५ तारखेला, गांधीजींनी तिथे खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन खुलं केलं.

सजावटीसाठी त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना बोलावलं. आपण चित्रकार, मांडव उभारणं आपल्याला कसं जमेल, असा नंदबाबूंना संकोच वाटत होता. पण ते आले. सोबत म्हात्रे नावाचे वास्तुविशारद होते. बांबू आणि आसपास मिळणारं साधं सामान वापरून टिळकनगर उभं राहिलं. शहरातून भारी वस्तू आणून थाट करायचा नव्हता. खेड्यातल्या हाताला काय येतं, ते खेड्यातल्याच माणसांना दाखवायचं होतं. प्रदर्शन म्हणजे तमाशा नव्हे, ती शिकायची जागा आहे, असा गांधीजींचा आग्रह असे.

आता मुद्द्याचं सांगते. या प्रदर्शनाच्या एक वर्ष आधी, १९३५ मध्ये, चरखा संघाने एक ठराव केला होता. सूत कातणाऱ्यांना मिळणारी मजुरी अपुरी आहे, असं त्यात कबूल केलं होतं. आठ तास नीट काम करणाऱ्याला पोटापुरतं सकस अन्न आणि वर्षाला २० वार कापड मिळेल, एवढी तरी मजुरी पडली पाहिजे, असं ठरलं. सूत कातणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. मजुरी वाढली की खादी महागणार, हे उघड होतं. तरी स्वस्त कापडासाठी कातणारीचं पोट मारायचं नाही, असा तो निर्णय होता.

नंदबाबूंनी पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी खेड्यातल्या कामकऱ्यांची चित्रं काढली. ती २०१९ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात लागली. चित्रकाराचं नाव राहिलं, ते योग्यच झालं. पण कापडावर कातणारीचं नाव लिहायची रीत तेव्हाही नव्हती आणि आजही आपल्या गोधडीवर शिवणारीचं नाव नसतं.

म्हणून ताईंनो, पुढच्या स्टॉलला प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधू या. शिवणारीचं नाव, तिचं गाव, आणि किती दिवस लागले ते तिच्यावर लिहू या. भाव ठरवताना कापड आणि दोरा तर धरतोच, त्याच्यासोबत हाताचे तासही मोजू या. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, तर चिठ्ठी पुढे करायची. घरची जुनी लुगडी वापरली म्हणून गोधडी फुकटात होत नाही. तिला टाके घालणारीचे दिवस लागलेले असतात, आणि त्या दिवसांची मजुरी मागायला लाजायचं कारण नाही.