वर्दी कोणी, कोणाविरुद्ध?

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळरानाच्या गावी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरे धावत आली. हरभऱ्याच्या एका शेताच्या बांधाला काळविटाची मादी मरून पडली होती. पायावरचे आणि पोटावरचे केस जळालेले. बांधाच्या कडेने हातभर उंचीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्यांवर तार मात्र नव्हती. वीसपंचवीस माणसे जमली. गावातले एक वजनदार गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ही पारध्यांची करणी. ओढ्यापलीकडं पालं पडलीत त्यांची. तुम्ही शिकलेली माणसं. फॉरेस्टवाल्यांना वर्दी द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे."

माझ्या शब्दाला वजन आहे, हे मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकले आहे. शिबिरातल्या विद्यार्थ्यांत एक मुलगा पारध्यांचा होता. तो काही बोलला नाही. घोळक्यातून मागे सरकून उभा राहिला.

वर्दी द्यावी की नाही? द्यायची तर कशाची आणि कोणाविरुद्ध? प्रश्न त्या सकाळचा होता, पण त्याची मुळे शंभर-दीडशे वर्षे मागे गेलेली आहेत. ती तपासल्याशिवाय उत्तर देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१

'वर्दी' हा शब्द आमच्या घराला नवा नाही. माझे पणजोबा गावचे वेसकर होते. रात्र वेशीत काढायची, गावात परका कोण आला, कुठे उतरला, याची खबर पाटलाला द्यायची, चोराचा माग काढायचा, हे त्यांचे काम. साहेबाचा मुक्काम पडला की त्याचे ओझे वाहायचे आणि साहेब शिकारीला निघाला की हाका घालायला रानात शिरायचे. बंदूक माचाणावर, आणि डुकराच्या सुळ्यासमोर उघड्या पायांचा महार. मेलेल्या जनावराबरोबर छायाचित्र निघे, त्यात हाकेकऱ्याला जागा नसे.

आजोबा सांगत, माळावर पारध्यांची पाले पडली की पहिली वर्दी वेसकराची. पाटील ती फौजदाराकडे पोचवी. मग पालांवर काठ्या पडत. वर्दी दिली नाही आणि गावात चोरी झाली, तर त्याच काठ्या वेसकराच्या पाठीवर. "त्यांनी केलं का न्हाई, ते आमाला कुणी इचारलंच न्हाई," असे आजोबा म्हणत. त्या वाक्यात पश्चात्ताप होता, आणि सुटका नसल्याची जाणीवही होती.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या राबणुकीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले, परंतु गावगाड्याची एक युक्ती नीट समजून घेतली पाहिजे. गावकुसाबाहेरच्या एका माणसाला त्याच्याही पलीकडे पाल टाकून राहणाऱ्या दुसऱ्या माणसावर पहारेकरी नेमायचे. म्हणजे दोघेही एकमेकांकडे बघत राहतात आणि वाड्याकडे कोणी बघत नाही.

२

आता पालातल्या माणसाकडे वळू. पारध म्हणजे शिकार. फासेपारधी कातड्याचे वा तातीचे फास खुंट्यांना बांधून हरणे, तित्तर, लावे धरीत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ सरकत. चित्तेवाले पारधी चित्ते पकडून त्यांना काळविटाच्या शिकारीसाठी तयार करीत आणि संस्थानिकांची हौस भागवीत. म्हणजे एकाच माणसाची विद्या दरबारात कला होती आणि दरबाराबाहेर गुन्हा.

हा गुन्हा कायद्याच्या पुस्तकात कसा शिरला, त्याच्या तारखा सांगता येतात. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशात सर्वत्र लावण्याची सोय झाली. जन्म हाच पुरावा ठरला. हजेरी आली, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी आली, सोलापुरात तारेच्या कुंपणातील सेटलमेंट आली. दुसऱ्या बाजूने १८७८ साली दोन कायदे झाले. हत्यारांच्या कायद्याने बंदूक परवानेवाल्याची झाली. जंगल कायद्याने राखीव रानात फास व सापळे लावणे हा नियमभंग ठरला. १९२७ च्या जंगल कायद्यातही हे कलम कायम राहिले.

या कायद्यांची सांगड घातली की चित्र स्पष्ट होते. परवान्याची बंदूक घेऊन मारणारा तो शिकारी. फास लावून धरणारा तो चोर. दोघांच्या हातून मरणारे काळवीट मात्र एकच होते.

३

मग रान रिकामे कोणी केले? वाघाला सरकारने उपद्रवी ठरवून त्याच्या डोक्यावर बक्षिसे लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या नेपाळमधील एका शिकारीत दहा दिवसांत ३९ वाघ पडले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते टिपले. या देशातील चित्त्याच्या शेवटच्या नोंदींपैकी ती एक. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

त्याच १९५२ साली, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि पारध्यांसह अनेक जमाती 'विमुक्त' झाल्या. ज्यांनी चित्ता संपवला त्यांच्यावर 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का कधी बसला नाही. ज्यांच्यावर बसला त्यांचा तो कायदा गेल्यावरही पुसला नाही. सराईत गुन्हेगारांच्या नावाखाली नवे कायदे पोलिसांच्या हाती राहिले.

येथे एक अवघड गोष्ट मी टाळणार नाही. आपल्या सर्वांना आदरणीय असलेले राजर्षी शाहू महाराज हे स्वतः नामांकित शिकारी होते. कोल्हापूरच्या चित्त्यांच्या शिकारी त्या काळी गाजलेल्या होत्या. पण याच राजाने १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना बोलावून काम दिले. शिकारीच्या छंदाचे समर्थन मी करीत नाही. पारध्याच्या हाताला शिकारीखेरीज दुसरे काम देता येते, हे एका शिकारी राजाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आपल्या लोकशाही सरकारांना ते किती कळले, हे पालावर जाऊन पाहावे.

४

सप्टेंबर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो आवश्यक होता, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो. त्या वर्षीच्या मोजणीत देशात अठराशेच्या आसपास वाघ उरले होते. परंतु मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती. ही परवान्यांची पद्धत १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे परवानेवाल्याला कायद्याने आणखी एकोणीस वर्षे वाट करून दिली होती. पारध्याला पुनर्वसनाचे एकही कलम नव्हते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मानले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

आज काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षांचा तुरुंगवास. मांस वा कातडे जवळ सापडले तर ते बेकायदा नाही, हे आरोपीनेच सिद्ध करायचे असते. खबर देणाऱ्याला बक्षिसाचीही सोय आहे. पूर्वी बक्षीस जनावराच्या डोक्यावर होते, आता ते खबरीच्या पदरात पडते. ज्याच्यापाशी वकील नाही आणि ज्याला जामीन राहायला कोणी नाही, त्याच्याविरुद्ध नुसत्या संशयावर दिलेली वर्दी म्हणजे त्याच्या घराची दोन-चार वर्षे, एवढा याचा अर्थ आहे.

याचा अर्थ पारधी शिकार करीतच नाहीत, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्का प्रकल्पातले सगळे वाघ संपले, हे देशाने पाहिले. त्यानंतर कातड्यांचे व्यापारी आणि त्यांच्यासाठी सापळे लावणाऱ्या टोळ्या उजेडात आल्या. मेळघाटातही अशा टोळ्यांना शिक्षा झाल्या. सापळा लावणारे हात अनेकदा परंपरेने शिकारी असलेल्या जमातींचेच होते. भूक त्यांची होती, बाजार दुसऱ्याचा होता. आपल्या माणसाचा गुन्हा झाकणे हीदेखील जातीयताच आहे, हे चळवळीत वावरणाऱ्याने विसरता कामा नये.

५

मग नीतीचा आधार कोणता? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. हा भेद शिकारीच्या इतिहासाला लावून पाहिला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. ३९ वाघांत गरज नव्हती. पोरांच्या तोंडी घास जावा म्हणून धरलेल्या सशात ती होती. व्यापाऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात एकाची गरज दुसऱ्याच्या लोभाला विकली गेलेली असते. मात्र गरजेचेही मोजमाप काळाप्रमाणे बदलते. रान भरलेले होते तेव्हाची गरज आणि रान ओसाड झाल्यावरची गरज सारखी मानता येत नाही. आज एक काळवीट मारून भूक भागते, प्रश्न सुटत नाही. म्हणून जनावर वाचले पाहिजे आणि पारध्याला जगण्याचे दुसरे साधन मिळाले पाहिजे, या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत.

शेतकऱ्याचीही बाजू आहे. काळविटांचा कळप रात्रीतून कोवळी ज्वारी, हरभरा फस्त करतो. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, त्यात लोकांच्या खाजगी जमिनी मोठ्या प्रमाणात आल्या. भरपाईचे अर्ज, पंचनामे, हेलपाटे यांत दमलेला माणूस एक दिवस कुंपणात वीज सोडतो. त्या तारेवर हरिण मरते, तशी माणसेही मरतात.

वर्दीचाही दुसरा इतिहास आहे. १९९८ साली जोधपूरजवळ काळविटांच्या शिकारीची तक्रार बिश्नोई समाजाने केली, ती एका नामवंत चित्रपट अभिनेत्याविरुद्ध. २०१८ साली न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिच्याविरुद्ध अपील झाले. त्या गावकऱ्यांनी स्वतःच्या मूल्यासाठी बलवंताकडे बोट दाखवले, आणि वीस वर्षे साक्ष सोडली नाही. माझ्या पणजोबांची वर्दी खालच्यावर होती आणि ती वरच्याच्या हुकमाने होती. शब्द एक असला तरी कृती वेगळी होती.

६

त्या सकाळी मी विद्यार्थ्यांना एवढेच विचारले, "जे डोळ्यांना दिसते, तेवढे सांगा." त्यांनी सांगितले: केस जळालेले आहेत. फासाचा वळ कुठेही नाही. खुंट्यांना प्लास्टिकच्या नळीचे तुकडे अडकवलेले आहेत. तेव्हा मागे उभा असलेला तो मुलगा पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, पालात लाईट कुठं असते?"

जमाव एकदम गप्प झाला. मी आणखी प्रश्न केला नाही.

आम्ही वनखात्याला कळवले, आणि लेखी कळवले. ठिकाण, वेळ, जनावराची स्थिती, खुंट्या, नळीचे तुकडे. संशयित म्हणून कोणाचेही नाव लिहिले नाही. शेत कोणाचे हे सातबाऱ्यावर असतेच. पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी, पंचनामा आमच्यासमोर व्हावा, वीज कंपनीने पाहणी करावी, एवढे मागितले. खाली मी आणि नऊ विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. दहावी सही त्या मुलाची. तपासणीत विजेचा धक्का निघाला. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदला गेला आणि अजून अज्ञातच आहे. ते वजनदार गृहस्थ शिबिराच्या समारोपाला आले नाहीत.

संध्याकाळी आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. पाले उठलेली होती. तीन दगडांच्या चुली आणि थंड राख राहिली होती. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हाच ती माणसे निघून गेली असावीत. आमचा कागद त्यांच्या बाजूने पुरावा ठरू शकत होता, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आणि सांगितले असते तरी त्यांनी विश्वास का ठेवावा?

माझ्यापुरता निष्कर्ष मी काढला आहे. संशयास्पद शिकार दिसली तर गप्प बसू नये. मुक्या जनावराच्या बाजूने बोलायला दुसरे कोणी नसते. पण वर्दी कृत्याची द्यावी, जातीची देऊ नये. जे पाहिले ते लिहावे, जे ऐकले ते पुरावा म्हणून लिहू नये. तोंडी खबर देऊन बाजूला होऊ नये. स्वतःच्या सहीने द्यावी आणि पंचनाम्यापर्यंत, कोर्टापर्यंत उभे राहावे. तार, सापळा, खरेदीदार यांचा माग धरावा. आणि ज्याच्यावर संशय घेतला जातो त्याच्याकडे पोलिसांच्या आधी आपण पोचावे. कार्यकर्त्यांनी हे काम पर्यावरणवाल्यांवर सोडून चालणार नाही, कारण संशयाचे बोट कुठे वळते हे आपण त्यांच्यापेक्षा अधिक ओळखतो.

पणजोबांना वर्दी देण्यावाचून गत्यंतर नव्हते. मला ते आहे. शिक्षणाने मला दिलेले सगळ्यांत मोठे स्वातंत्र्य कदाचित हेच असेल. आणि त्याचा हिशेब त्या राखेपुढे उभे राहूनच द्यावा लागणार आहे.