धोट्यातला धागा आणि उत्पादकतेचा हिशेब

यंत्र कोणाची जात विचारीत नाही, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. असे सांगणाऱ्यांत गिरणीमालक होते, तसेच कामगारांचे पुढारीही होते. कारखान्याचे भोंगे वाजू लागले की गावगाड्यातील उच्चनीचता आपोआप गळून पडेल आणि शेवटी मालक व मजूर एवढे दोनच वर्ग उरतील, असा हा विश्वास होता. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या विश्वासाच्या बाजूने साक्ष देत नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढच्या काळात कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे गिरणगावात आली. त्यांत महार, चांभार, मांग समाजातील माणसेही होती. त्यांच्यासाठी गिरणी ही मोठीच सुटका होती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गावकीची वेठ सुटली. भाकरतुकड्याऐवजी महिन्याला रोख पगार हाती येऊ लागला. परंतु गिरणीच्या दरवाजातून आत गेलेला माणूस कोणत्या खात्यात जाईल, हे त्याच्या हाताचे कसब पाहून ठरत नव्हते.

सूत काढणाऱ्या त्रासनखात्यात अस्पृश्यांना प्रवेश होता. साचेखाते, म्हणजे जेथे मागांवर कापड विणले जाई ते खाते, त्यांना बंद होते. विणकराची मजुरी कामावर मिळे आणि ती त्रासनखात्यातील पगारापेक्षा कितीतरी जास्त असे. म्हणजे बंद होते ते अधिक कमाईचे आणि अधिक कसबाचे खाते. साच्यावर उभा राहिला नाही तो साचेखात्याचा जॉबर कसा होणार? वर चढण्याची शिडी पहिल्याच पायरीला तोडलेली होती.

यासाठी जे कारण सांगितले जाई ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मागाच्या धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की विणकर नवी कांडी बसवी. तिचा धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढण्यासाठी तो भोकाला तोंड लावून धागा ओढून घेई. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडात कसा धरायचा, हा स्पृश्य विणकरांचा सवाल होता. लोखंडी यंत्र विलायतेहून आले, वाफेवर चालले, पुढे विजेवर चालले. पण विटाळ मात्र धोट्याच्या भोकात जाऊन बसला.

तोंडाने धागा ओढण्याची ही रीत काही मुंबईची नव्हे. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांतही ती होती. तेथेही तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. पण त्या रोगराईच्या होत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने ही रीत बंद केली. लँकेशायरमध्ये बंदी येण्यास १९५२ साल उजाडावे लागले. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तयार होत होते. याचा अर्थ असा की, ज्या अडचणीच्या नावाखाली हजारो माणसांना चांगल्या कामापासून दूर ठेवले, ती यांत्रिक अडचण सुटण्याजोगी होती. सुटत नव्हती ती मनातली अडचण.

आता उत्पादकतेकडे वळू. १९२० नंतरच्या दशकात जपानी मालाशी स्पर्धा वाढली आणि मालकांनी कार्यक्षमतेची भाषा सुरू केली. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, त्रासनखात्यात एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन सांभाळाव्यात, अशा योजना पुढे आल्या. थोड्या माणसांत अधिक माल, हे त्यांचे सार. १९२८ च्या एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो जवळजवळ सहा महिने चालला. या वाढीव कामाविरुद्ध कामगार उठले ते योग्यच होते. परंतु दलित कामगार दुहेरी कात्रीत होता. त्याच्या खात्यात काम दुप्पट होणार, माणसे कमी होणार. आणि तेथून निघून साच्यावर जावे, तर तो दरवाजा बंद. ज्या योजनेने इतरांवर ओझे लादले, तिने त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. साचेखात्यात अस्पृश्यांना मज्जाव करू नये, ही मागणी संपाच्या पुढाऱ्यांनी मागण्यांच्या यादीत घेतली पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. ती घेतली गेली, पण नाखुशीने. त्यावर मालकांची भूमिका अशी की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. अर्थात हे अर्धसत्य होते. बंदी कामगारांनी घातली होती. पण माल कसा काढावा, माणूस कोठे उभा करावा, हे सर्व ठरवण्याचा हक्क सांगणारा मालक नेमक्या याच प्रश्नावर हात झटकत होता. ज्याला साच्यांची संख्या बदलता येते, त्याला धोटा बदलता येत नाही काय?

१९२९ च्या संपात बाबासाहेबांनी दलित कामगारांना कामावर जाण्यास सांगितले, म्हणून त्यांच्यावर संपफोडीचा आरोप झाला. तो आजही अधूनमधून ऐकू येतो. मागच्या संपातील उपासमार आणि सावकाराचे कर्ज अजून डोक्यावर होते, आणि ज्या ऐक्याच्या नावाने हाक येत होती त्या ऐक्यात दलिताला साच्यावर जागा नव्हती, हे आरोप करणारे सोयीने विसरतात. बाबासाहेबांचा विरोध संपाच्या हत्याराला नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. पुढे ते मजूर खात्याचे सदस्य असण्याच्या काळात, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याचा लाभ स्पृश्य विणकरालाही झाला. साच्याला हात लावू नको म्हणणाऱ्याचे तासही त्यांनी कमी केले.

माझे पणजोबा आणि आजोबा दोघेही त्रासनखात्यात होते. तुटलेला धागा धावत्या चातीवर सांधण्यात आजोबांची बोटे अशी चालत की पाहणाऱ्याला गाठ दिसत नसे. मी एकदा विचारले, "तात्या, तुम्ही साच्यावर का नाही गेलात?" ते म्हणाले, "पोरा, आपल्या बापजाद्यांतलं कुणी साच्यावर होतं का, मग शिकवणार कोण?" तोवर उघड बंदी उरली नव्हती. पण जॉबर आपल्या भावकीतला पोर आणी, त्याला शेजारी उभा करून काम शिकवी. आमच्या घरात शिकवणारा कधी तयारच झाला नाही. वडील बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही. ते पहारेकरी झाले. घरातला पहिला पदवीधर मी.

म्हणून आजची भाषा ऐकताना मी सावध होतो. २०२३ साली एका मोठ्या उद्योजकाने तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला, तेव्हा चर्चा तासांची झाली. कोण कोणत्या कामावर उभा आहे, ही चर्चा झाली नाही. शहराची गटारे साफ करणारा कंत्राटी कामगार दिवसभर राबला तरी त्याचे श्रम उत्पादकतेच्या कोणत्या रकान्यात मोजतात? आणि तो त्याच कामावर पिढ्यान्‌पिढ्या का, हे कोणता व्यवस्थापक विचारतो?

गिरणीच्या वहीत सूत वजनावर लिहिले जाई, कापड वारांवर. ज्याला साच्याजवळ येऊच दिले नाही, त्याने किती कापड विणले असते, याचा रकाना त्या वहीत नव्हता. जे हात बाहेर ठेवले त्यांच्या कसबाची नासाडी कोणी मोजली नाही, आणि मग तेच हात अकुशल ठरवले गेले.

हा रकाना आता आपणच भरला पाहिजे. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना मी सांगतो की आजोबांची गिरणी कोणती, एवढेच विचारू नका. खाते कोणते, हे विचारा. त्या खात्यात शेजारी कोण होते आणि पाणी कोठे प्यायचे, हेही विचारून लिहून ठेवा. ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.