एका शिलिंगचा इतिहास : ब्रिटनचे किल्ले, किनारे आणि संग्रहालये सामान्यांना कशी खुली झाली (धागा)

३१ डिसेंबर १९००. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात वादळ सुटले होते. सॅलिस्बरीच्या माळावर हजारो वर्षे उभ्या असलेल्या स्टोनहेंजच्या बाहेरील वर्तुळातील एक प्रचंड शिळा त्या वादळात माथ्यावरच्या आडव्या शिळेसह कोसळली.

स्टोनहेंज तेव्हा खाजगी मालमत्ता होती. जमीनदार सर एडमंड अँट्रोबस यांनी पुढच्याच वर्षी भोवती काटेरी तारेचे कुंपण घातले आणि आत जाण्यासाठी माणशी एक शिलिंग आकार बसवला. तोवर वाटेल त्याने वाटेल तेव्हा त्या शिळांमध्ये जावे, सावलीत भाकरी खावी, असा रिवाज होता.

एक शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग, बारा पेन्स. आजच्या वाचकाला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण त्या काळी विल्टशायरच्या शेतमजुराला आठवडाभर राबून वीस शिलिंगही मिळत नसत. बायको आणि तीन मुलांसह आत जायचे तर आठवड्याच्या कमाईचा चौथ्या हिश्शाहूनही मोठा भाग दारावर ठेवावा लागे.

सार्वजनिक माळराने वाचवण्यासाठी झटणारी मंडळी न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे असे की शिळांकडे जाणाऱ्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वहिवाटीच्या आहेत, त्या अडवता येणार नाहीत. १९०५ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला. त्या वाटा शिळांपाशी येऊन संपतात, त्या कुठून कुठे जाणाऱ्या रस्त्यांसारख्या नाहीत, आणि लोक आजवर येत होते ते मालकाच्या मर्जीने, हक्काने नव्हे, असे न्यायालयाने मानले.

मर्जी आणि हक्क. ब्रिटनमधील स्वस्त पर्यटनाचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतरात घडला आहे.

तसे पाहता सामान्यांच्या सहलीची सुरुवात याच नाण्याने झाली होती. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या दारूबंदीच्या प्रचारकाने सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेले, तेही माणशी एका शिलिंगात. दहा वर्षांनी लंडनच्या भव्य प्रदर्शनात सोमवार ते गुरुवार प्रवेशमूल्य एक शिलिंगवर आणले गेले आणि खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे राजधानीत उतरले. रेल्वेमुळे गाव सुटू लागले. पण गाडीतून उतरल्यावर कुठल्या दारातून आत जाता येईल, हे ठरवणारे अजून वेगळेच होते.

कायदा याबाबतीत फार उशिरा जागा झाला. खासदार जॉन लबक यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा केल्यावर १८८२ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षणाचा पहिला ब्रिटिश कायदा झाला. त्यातील यादीत मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेष होते : शिळावर्तुळे, थडगी, मातीचे तट. मध्ययुगीन किल्ले त्यात नव्हते. कारण उघड आहे. किल्ले आणि गढ्या संसदेत बसणाऱ्या घराण्यांच्या होत्या, आणि आपल्या भिंतीचे काय करावे हे सरकारने सांगावे ही कल्पनाच त्यांना मालमत्तेवरील दरोड्यासारखी वाटे. पहिले निरीक्षक जनरल पिट-रिव्हर्स यांच्या हाती सक्तीचा अधिकार नव्हता. मालकाचे मन वळवायचे, एवढेच काम होते.

हे चित्र बदलण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्याचे नाव वाचून मराठी वाचकाच्या भुवया उंचावतील. लॉर्ड कर्झन! वंगभंगाचा व्हाइसरॉय म्हणून आपल्याकडे कुप्रसिद्ध असलेला हा माणूस जुन्या इमारतींच्या बाबतीत मात्र झपाटलेला होता. त्याच्या कारकिर्दीत १९०४ साली कलकत्त्यात प्राचीन स्मारक जतन कायदा संमत झाला. पुढे महाराष्ट्रातील अनेक किल्ले याच कायद्याखाली संरक्षित स्मारके ठरले.

मायदेशी परतल्यावर १९११ मध्ये कर्झनच्या कानावर लिंकनशायरमधील टॅटरशॉल किल्ल्याची बातमी आली. सहाव्या हेन्री राजाचा खजिनदार राल्फ क्रॉमवेल याने पंधराव्या शतकात बांधलेला हा लाल विटांचा उत्तुंग बुरूज विक्रीला निघाला होता. आतील कोरीव दगडी शेकोट्या उखडून विकल्याही गेल्या होत्या आणि अमेरिकेला रवाना होण्याच्या वाटेवर होत्या. अख्खा बुरूजच वीट-वीट सुटी करून समुद्रापार जाणार, अशी वदंता होती. कर्झनने किल्ला विकत घेतला आणि शेकोट्यांचा शोध सुरू केला. त्या लंडनमध्ये सापडल्या. १९१२ मध्ये त्या गावात परत आल्या तेव्हा त्यांचे मिरवणुकीने स्वागत झाले.

या प्रकरणाने लोकमत ढवळून निघाले आणि १९१३ चा स्मारक कायदा संमत होण्यास मोठे बळ मिळाले. आता एखादे स्मारक धोक्यात असेल तर मालकाच्या इच्छेविरुद्धही ते पाडण्यास मनाई करता येऊ लागली. भारतात नऊ वर्षे आधी जे झाले होते, ते ब्रिटनमध्ये नंतर झाले. वसाहतीतील मालमत्तेवर सरकारी हात ठेवणे सोपे होते, स्वतःच्या उमरावांच्या मालमत्तेवर ठेवणे अवघड, हाच याचा सरळ अर्थ आहे. कर्झनला इमारतींविषयी वाटणारी कळकळ खरी होती. तिच्यामुळे त्याचे भारतातील राजकारण उजळत नाही आणि त्या राजकारणामुळे टॅटरशॉलचे श्रेयही पुसले जात नाही. १९२५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर टॅटरशॉल आणि ससेक्समधील बॉडियम हे दोन्ही किल्ले मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला मिळाले.

इकडे स्टोनहेंजचे नशीबही पालटत होते. अँट्रोबस घराण्याचा वारस १९१४ मध्ये युद्धात मारला गेला, पुढच्या वर्षी सर एडमंडही गेले आणि जहागीर लिलावात निघाली. २१ सप्टेंबर १९१५ रोजी सॅलिस्बरीच्या नाट्यगृहात पंधराव्या क्रमांकाचा नग पुकारला गेला : स्टोनहेंज. सेसिल चब या स्थानिक बॅरिस्टरने तो ६,६०० पौंडांना घेतला. बायकोने खुर्च्या आणायला पाठवले होते आणि हा शिळा घेऊन आला, अशी आख्यायिका तिकडे चवीने सांगतात.

तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, चब यांनी स्टोनहेंज राष्ट्राला दान केले. दानपत्रात एक अट होती : प्रवेशमूल्य माणशी एका शिलिंगपेक्षा अधिक असता कामा नये. शिवाय परिसरातील रहिवाशांना विनामूल्य प्रवेश मिळावा, हेही ठरले. १९०१ मध्ये ज्या शिलिंगने लोकांना बाहेर ठेवले, तीच शिलिंग १९१८ मध्ये कमाल मर्यादा बनून त्यांच्या बाजूने उभी राहिली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान किल्ले आणि मठांचे अवशेष भराभर सरकारी देखरेखीखाली आले. मालकी मूळ घराण्याची, डागडुजी सरकारची आणि दार जनतेला उघडे, अशी ही व्यवस्था होती. मालकांना ती मानवली, कारण पडक्या भिंतींचा खर्च टळला. मुख्य निरीक्षक चार्ल्स पीअर्स यांची शिस्त कडक होती : जे उभे आहे ते जसेच्या तसे टिकवायचे, नव्याने काही बांधायचे नाही, वेली काढून टाकायच्या, राडारोडा उपसायचा आणि भोवती हिरवळ राखायची. ब्रिटिश किल्ल्यांची आज छायाचित्रांत दिसणारी ती नीटस हिरवळ मध्ययुगातील नाही. ती विसाव्या शतकातील सरकारी खात्याची निर्मिती आहे. राडारोडा उपसताना नंतरच्या शतकांच्या कितीतरी खुणाही निघून गेल्या, ही टीका रास्तच म्हणावी लागेल.

दार उघडले, पण मुक्कामाचे काय? १९३० मध्ये स्थापन झालेल्या युवा वसतिगृह संघटनेने उत्तर दिले : एका रात्रीचा आकार एक शिलिंग. पुन्हा तीच शिलिंग! गिरण्यांतील आणि कचेऱ्यांतील तरुण मुलेमुली पाठीवर पिशव्या टाकून शनिवारी दुपारी निघू लागली. २४ एप्रिल १९३२ रोजी त्यांतील काहीशे जणांनी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर जाणूनबुजून अतिक्रमण केले. ते पठार उमरावांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव होते. विशीतला बेनी रॉथमन आणि त्याचे साथीदार, एकूण पाच जण, तुरुंगात गेले. १९४९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यामागे या पिढीचा रेटा होता. दरम्यान १९३८ च्या कायद्याने पगारी सुट्टीचा मार्ग मोकळा केला. सुट्टीतही चूल पेटेल ही खात्री नसेल तर किल्ल्याचे तिकीट कितीही स्वस्त असून काय उपयोग?

वसतिगृहांच्या यादीतील एक नाव विलक्षण आहे. ग्लॉस्टरशायरमधील डीनच्या अरण्याच्या कडेला सेंट ब्रीएव्हल्स हा नॉर्मन किल्ला आहे. जॉन राजा येथे शिकारीला येई. पुढे येथे आडधनुष्याच्या बाणांचा साठा असे आणि त्यानंतर कर्ज न फेडणाऱ्यांचा तुरुंग. कैद्यांनी भिंतीवर खरडलेला मजकूर अजून दिसतो. १९४८ मध्ये या किल्ल्याचे युवा वसतिगृह झाले. पैसे नाहीत म्हणून जेथे माणसे कोंडली जात, तेथे पैसे कमी असलेली माणसे आपणहून मुक्कामाला येऊ लागली.

किनाऱ्यांची कथा थोडी निराळी. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा त्याला मिळालेली पहिली जमीन म्हणजे वेल्समधील बारमथ गावावरचा डिनास ओलाय हा समुद्राकडे तोंड असलेला साडेचार एकरांचा उतार. फॅनी टॅल्बट या बाईंनी तो दान दिला, आणि तेथे बांधीव रस्ते किंवा लोखंडी बाके नकोत असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६५ मध्ये ‘नेपच्यून’ ही मोहीम सुरू झाली : लोकवर्गणीतून किनारे विकत घ्यायचे आणि कायमचे मोकळे ठेवायचे. १९८८ मध्ये या मोहिमेतील पाचशेवा मैल आला तो डरहॅममधील हॉर्डन येथे. कोळशाच्या खाणींचा कचरा वर्षानुवर्षे जेथे समुद्रात ओतला गेला, तो काळवंडलेला किनारा सरकारी कोळसा कंपनीने ट्रस्टला एका पौंडात दिला. एकाही प्रवासी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हा किनारा शोभला नसता. तरीही तो घेतला गेला, हे विशेष. २०१२ पासून वेल्सचा सारा किनारा, सुमारे ८७० मैल, एका सलग पायवाटेने चालता येतो. त्याला तिकीट नाही.

संग्रहालयांत मात्र एक पाऊल पुढे, दोन मागे असे चालले. १७५९ मध्ये उघडलेले ब्रिटिश म्युझियम विनामूल्य होते. पण सुरुवातीला आगाऊ लेखी अर्ज करून परवाना मिळवावा लागे, म्हणजे फुकट असूनही ते गरिबाचे नव्हते. १९७४ च्या आरंभी सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशमूल्य लावले, ते तीनच महिने टिकले. १९८० च्या दशकात ते अनेक ठिकाणी परतले. अखेर २००१ मध्ये वेल्स आणि इंग्लंडमधील राष्ट्रीय संग्रहालये पुन्हा मोफत झाली. त्यात कार्डिफजवळील सेंट फॅगन्स आले. १९४८ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात शेतकऱ्यांची घरे, पाणचक्क्या, प्रार्थनाघरे, खाणकामगारांची चाळ हे सारे मूळ जागेवरून दगड-दगड सोडवून आणून पुन्हा उभारले आहे. टॅटरशॉलच्या वाट्याला जे येणार होते तेच येथे झाले. फरक एवढाच की हे सामान अमेरिकेला गेले नाही.

वेल्समधील किल्ल्यांच्या तिकिटांत इतिहासाचा एक विनोद दडला आहे. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर उभारलेले कॉनवी, कर्नारव्हन, हार्लेख, ब्यूमॅरिस हे जागतिक वारसा ठरलेले किल्ले पाहायला पैसे पडतात. त्यांनी ज्यांना चिरडले त्या वेल्श राजांचे डोंगरातील किल्ले, डोलबाडर्न किंवा कास्टेल अ बेरे, विनामूल्य पाहता येतात. अपवाद आहेत, क्रिकिएथला तिकीट आहे. पण कमी पैशांत वेल्स पाहणारा प्रवासी बहुधा पराभूतांचाच इतिहास पाहतो.

आणि पोविस? मध्य वेल्समधील या किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेला ऐवज आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतरच्या लुटीतील टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील सोन्याचे व्याघ्रमुख तेथे ठेवले आहे. येथेही तिकीट आहे. भारतीय प्रवासी ते काढतो तेव्हा तो कशाचे मूल्य देतो, हा प्रश्न शिलिंगच्या हिशेबात बसत नाही.

१९७१ मध्ये ब्रिटनचे चलन दशमान झाले आणि शिलिंग पाच नव्या पेन्सांत विरून गेली. चब यांची कमाल मर्यादाही काळाच्या ओघात सुटली. आज हंगामात स्टोनहेंजच्या तिकिटाला वीस पौंडांहून अधिक मोजावे लागतात. इंग्लिश हेरिटेजच्या ताब्यात आज चारशेहून अधिक स्थळे आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक विनामूल्य आहेत. पण गर्दी जेथे जाते तेथे तिकीट आहे. आसपासच्या गावांतील रहिवाशांना मात्र स्टोनहेंजमध्ये अजूनही फुकट जाता येते. इतरांसाठी जवळून एक जुनी सार्वजनिक वाट जाते. तिच्यावर उभे राहिले की माळ, आकाश आणि शिळा स्पष्ट दिसतात, आणि तेथे कोणी पैसे मागत नाही.