भार किती, हा प्रश्नच अपुरा

जड टेलिफोटो लेन्ससाठी ट्रायपॉडचे हेड निवडताना एक नियम हमखास ऐकवला जातो. कॅमेरा आणि लेन्स यांचे एकत्र वजन करा, त्याला तिनाने गुणा आणि तेवढी भारक्षमता ज्या हेडवर छापली आहे ते घ्या. दुकानातला विक्रेता हेच सांगतो, पक्ष्यांचे फोटो काढणारा जुना मित्रही हेच सांगतो. मग साडेचार किलोंच्या जोडणीसाठी लोक तीस किलोंचे बॉल हेड घेतात, आणि भिगवणच्या काठावर गुडघ्याएवढ्या चिखलात उभे राहून पुढे कलणारी लेन्स एका हाताने सावरत बसतात.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. कोणतेही यंत्र त्याच्या क्षमतेच्या टोकावर राबवू नये, हा विचार रास्तच आहे. दोन किलोंसाठी बनवलेल्या हेडवर पाच किलो चढवले तर ते घसरणारच. आक्षेप आहे तो हा छापील आकडा निवडीची कसोटी मानण्याला. एक तर तो कसा काढायचा याची सर्व उत्पादकांना बांधून घेणारी एकच पद्धत नाही. दोन कंपन्यांचे वीस किलो एकसारखे असतीलच असे नाही. आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे म्हणजे, हेडपुढची अडचण भार पेलण्याची नसतेच. ती असते पीळ पेलण्याची.

हिशेब सोपा आहे. कॅननच्या ६०० मिमी एफ/४ लेन्सची तिसरी आवृत्ती ३,०५० ग्रॅमची आहे. बॉडी, प्लेट वगैरे धरून जोडणी साडेचार किलोंची होते. बॉल हेडवर ती बसवली की तिचा गुरुत्वमध्य बॉलच्या केंद्रापासून साधारण १२ सेंटिमीटर वर येतो. लेन्स आडवी असताना आणि गुरुत्वमध्य बॉलच्या बरोबर वर असताना पीळ शून्य असतो. लेन्स १० अंश कलली की तो ०.९ न्यूटन-मीटरच्या आसपास जातो आणि ३० अंशांवर २.६ होतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वजन तेच, छापील क्षमता तीच. वाढला तो पीळ, आणि तोही नेमका झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या गरुडाकडे लेन्स वळवताना. तळहातावर उभी धरलेली काठी जशी कलू लागली की अधिकच कलत जाते, तशी ही रचना आहे. ती सावरायला स्क्रू आवळावा लागतो, आणि आवळला की पक्ष्यामागे लेन्स फिरत नाही.

गिंबल हेड हा प्रश्न मुळातच काढून टाकते. त्यात लेन्स ज्या अक्षाभोवती वरखाली होते तो अक्षच गुरुत्वमध्यातून नेता येतो. मग कोन कोणताही असो, पीळ शून्य. स्क्रू सैल ठेवून हात काढला तरी लेन्स जिथल्या तिथे थांबते. माळरानावर हिवाळ्यात जमिनीलगत घिरट्या घालणाऱ्या भोवत्या पक्ष्याचा माग घ्यायला याहून सोयीचे साधन नाही. मात्र हे आपोआप घडत नाही. प्लेट पुढेमागे सरकवून आडवा तोल बहुतेक जण साधतात. उभा तोल विसरतात. लेन्स ३० अंश वर करून सोडावी. ती आणखी कलत गेली तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे, लेन्स धरणारा गिंबलचा पाळणा खाली घ्यावा. परत आडवी होऊ लागली तर पाळणा वर घ्यावा. टेलिकन्व्हर्टर लावला, बॉडी बदलली की हे पुन्हा करावे लागते.

मी हे मनाने रचून सांगत नाही, याचा पुरावा याच धंद्यात आहे. व्हिडिओसाठीच्या कित्येक फ्लुइड हेडच्या तपशिलात वजनासोबत गुरुत्वमध्याची उंचीही दिलेली असते: अमुक किलो, ५५ मिमी उंचीवर. उंची वाढली की पेलता येणारे वजन कमी होते, हे त्यांच्या आलेखात स्पष्ट दिसते. फोटोच्या हेडवर मात्र नुसते किलो छापतात आणि आपण ते मुकाट्याने मान्य करतो.

दुसरा गुण ताठरपणाचा, आणि त्याबद्दलही छापील आकडा मौन पाळतो. ६०० मिमी लेन्सची फ्रेम उभ्या दिशेने जेमतेम २.३ अंशांची असते. स्क्रू आवळून हात काढल्यावर हेड एक दशांश अंशाने जरी बसले, तरी फ्रेम तिच्या उंचीच्या चार टक्क्यांनी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सरकायला सुमारे दोन विकला पुरतात. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. हेड तीस किलोंखाली मोडत नाही, हे खरे मानले तरी ते तीन किलोंखाली दोन विकला वाकत नाही, असे त्यातून ठरत नाही.

शिवाय हेड एकटे नसते. लेन्सचा पाय, प्लेट, क्लॅम्प, हेड, ट्रायपॉडचे पाय ही साखळी आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक दुव्याचे वाकणे बेरजेत येते. मधला दांडा वर काढलेल्या हलक्या ट्रायपॉडवर महागडे हेड चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. स्वस्त गिंबलचा एकाच बाजूचा बारीक बाहूही असाच डुलतो. म्हणून ‘गिंबल’ हे नाव वाचून भुलू नये.

कोणी म्हणेल, आता लेन्समध्येच स्टॅबिलायझर असतो. असतो, आणि तो कंप कमी करतो. साडेचार किलो तासभर धरून ठेवणे त्याच्या आवाक्यात नाही. सगळ्यांनीच गिंबल घ्यावे असेही नाही. दीड किलोची झूम लेन्स आणि बहुतेक वेळ निसर्गदृश्ये, तर चांगले बॉल हेड पुरते. चित्रफीत हेच मुख्य काम असेल तर फ्लुइड हेड. ताडोबातल्या जिप्सीत ट्रायपॉडला जागाच नसते, तिथे बीन बॅगच बरी.

तेव्हा दुकानात जाताना स्वतःची लेन्स आणि बॉडी सोबत न्या. जोडणी हेडवर चढवा, तोल साधा, ३० अंश कलवून हात काढा. मग स्क्रू आवळून लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारा आणि चित्र किती वेळात थांबते ते पाहा. ही परीक्षा जो विक्रेता करू देत नाही, त्याच्याकडून हेड घेऊ नका.