कानात सतत आवाज येतो? ॲक्युपंक्चरने टिनिटस बरा होतो का?

बाहेर शांतता असतानाही कानात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखा आवाज येत राहतो. यालाच टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात त्याला ‘कर्णनाद’ असा शब्द आहे. यावर ॲक्युपंक्चर हा उपाय अनेकदा सुचवला जातो. भोर किंवा वेल्ह्यातून पुण्याला उपचारासाठी जायचं, तर प्रत्येक फेरीला दिवसाचा रोजगार बुडतो. त्यामुळे दहा-बारा वेळा सुया टोचून घेण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

टिनिटस का होतो?

टिनिटस हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. वयानुसार कमी होणारं ऐकू येणं, डीजे किंवा यंत्रांचा मोठा आवाज, कानात साचलेला मळ, काही औषधं ही त्याची नेहमीची कारणं. मळ असेल तर तो काढल्यावर आवाज थांबू शकतो.

अभ्यास काय सांगतात?

2000 साली ब्रिटनमधील संशोधकांनी सहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. खऱ्या सुया की खोट्या, हे रुग्णाला माहीत नव्हतं अशा चार चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. ज्या दोन चाचण्यांत ही काळजी घेतली नव्हती, त्यांतच फायदा दिसला. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरावा अपुरा असल्याने ॲक्युपंक्चरची शिफारसही केली नाही आणि विरोधही केला नाही.

भारतात मान्यता आहे का?

आहे. महाराष्ट्राने 2015 मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात परिषद आणि नोंदणीची तरतूद आहे. या पद्धतीच्या भारतातील प्रवासाला एक मराठी धागाही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ही पद्धत कोलकात्यात आणली. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे प्रत्येक आजारावर गुण येण्याची हमी नव्हे.

मग काय करावं?

आधी कान तपासून घ्या आणि श्रवणचाचणी करा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने आवाजाचा त्रासही कमी जाणवू शकतो. त्रासाची सवय होण्यासाठी समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीचा, उपयोग होतो. रात्री पंख्याचा किंवा रेडिओचा हलका आवाजही मदत करतो.

तरीही ॲक्युपंक्चर करायचं असेल तर नोंदणी विचारा आणि सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या आहेत याची खात्री करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

कधी थांबू नये?

अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं, चक्कर आली, चेहरा वाकडा झाला किंवा नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज येऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉईडचा उपचार सुरू होणं महत्त्वाचं असतं. तो काळ सुयांवर गेला, तर गेलेलं ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता कमी होते.