कमावाल तर गमावाल
अमेरिकेत अपंग माणूस नोकरीला लागला की त्याचा सरकारी वैद्यकीय आधार धोक्यात येतो. या पेचाचे मूळ 1956 च्या कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने सोशल सिक्युरिटीत अपंगत्वाचा भत्ता आला, तेव्हा तो 50 ते 64 वयाच्या कामगारांपुरता होता, आणि अपंग ठरण्यासाठी अट होती ती भरीव कमाईचे कोणतेही काम करता न येण्याची. बुडालेल्या पगाराची भरपाई द्यायची तर ही अट समजण्यासारखी होती. पण 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजना सुरू झाल्या, 1972 च्या दुरुस्तीने भत्त्यावर दोन वर्षे काढलेल्या अपंगांना मेडिकेअर मिळाली, आणि उपचारांचा हक्कही त्याच अटीच्या खुंटीला टांगला गेला. गरीब अपंगांसाठी त्याच दुरुस्तीने एसएसआय हा भत्ता निर्माण केला. बहुतेक राज्यांत त्याच्यासोबत मेडिकेड मिळू लागले. भत्ता गेला की उपचारही जाणार, हे त्यातच ठरून गेले. माझ्या मते पुढच्या सगळ्या सुधारणा या एकाच गाठीला सैल करण्याच्या धडपडी आहेत, आणि ती गाठ अजून सुटलेली नाही.

पगारातून विमा घ्यावा, असे कुणी म्हणेल. पण त्या काळी खासगी विमा कंपन्या जुना आजार पाहून अर्ज फेटाळू शकत होत्या, आणि रोज अंघोळ घालणाऱ्या, कपडे चढवणाऱ्या मदतनीसाचा खर्च त्यांच्या पॉलिसीत सहसा बसत नसे. त्यामुळे चांगल्या पगाराची नोकरीसुद्धा तोट्याची ठरे. अमेरिकी काँग्रेसने 1980 मध्ये हे ओळखले आणि कलम 1619 प्रयोगादाखल आणले: पगारामुळे एसएसआय थांबला तरी एका मर्यादेपर्यंत मेडिकेड चालू राहील. 1986 च्या कायद्याने ही सोय कायमची केली आणि जुलै 1987 पासून ती तशी लागू झाली.

इतिहासकार पॉल लाँगमोर यांची लढाई त्यानंतरची आहे. बालपणी पोलिओ झाल्याने त्यांचे हात निकामी झाले होते, श्वासासाठी व्हेंटिलेटर लागे, घरी मदतनीस लागत. अशा स्थितीत त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि सुमारे दहा वर्षे खपून जॉर्ज वॉशिंग्टनवर पुस्तक लिहिले. ते 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. कलम 1619 चे संरक्षण श्रमाच्या कमाईला होते. पुस्तकाची रॉयल्टी मात्र नियमांनुसार श्रमाची कमाई नव्हती. म्हणजे रॉयल्टीच्या थोड्याशा रकमेपायी व्हेंटिलेटर आणि मदतनीस दोन्ही जाण्याची भीती. त्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या केंद्र सरकारी इमारतीसमोर त्यांनी आपल्या पुस्तकाची प्रत जाळली. पुढे नियम बदलला आणि रॉयल्टी श्रमाच्या कमाईत धरली जाऊ लागली. दहा वर्षांच्या अभ्यासाला श्रम म्हणवून घेण्यासाठी एका विद्वानाला आपलाच ग्रंथ पेटवावा लागावा, याहून त्या व्यवस्थेविरुद्ध बळकट पुरावा मला दिसत नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्याने 1988 मध्येच नोकरदार अपंगांना हप्ता भरून राज्याचे वैद्यकीय संरक्षण घेण्याची वाट दिली होती. 1997 च्या केंद्रीय कायद्याने दारिद्र्यरेषेच्या अडीचपट उत्पन्नापर्यंत मेडिकेडसाठी तशी मुभा सर्व राज्यांना दिली; डिसेंबर 1999 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या ‘तिकीट टू वर्क’ कायद्याने ती रुंदावली आणि काम करणाऱ्यांची मेडिकेअर आणखी साडेचार वर्षे वाढवली. कमावत्याचा भार करदात्यांनी का वाहावा, हा आक्षेप इथे टिकत नाही. तोच माणूस घरी बसला तर तिजोरी भत्ता आणि उपचार दोन्ही भरते. कामावर गेला तर तो कर भरतो, अनेक राज्यांत हप्ताही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 1999 नंतरही भत्ता सोडून कामावर गेलेले फार थोडे निघाले. हे खरे आहे. पण ज्यांना काम जमतच नाही अशांनाच ज्या यादीत प्रवेश, तिच्यातून किती बाहेर पडले यावर कायद्याचे यश मोजणे मला चुकीचे वाटते. आठवड्यातले काही तास काम केले आणि मदतनीस टिकला, तर तेही यशच. 2014 पासून जुन्या आजाराच्या सबबीवर विमा नाकारता येत नाही, म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. रोजच्या मदतनीसाचा दीर्घकाळचा खर्च आजही मुख्यतः मेडिकेडच उचलते.

त्या मेडिकेडसाठी राज्याची हप्त्याची योजना घेतली, तर बचतीची मर्यादा राज्य ठरवते. कलम 1619 च्या आधारावर राहिले, तर बचतीला एसएसआयचीच मर्यादा लागू होते: एकट्या माणसाला 2,000 डॉलर. ही रक्कम 1989 पासून बदललेली नाही, आणि महिन्याच्या कमाईतील पहिल्या 65 डॉलरची सूट 1974 पासून तेवढीच आहे.