कॅमेलिऑनच्या पिलाचे घर

घरी पाळल्या जाणाऱ्या कॅमेलिऑनमध्ये 'व्हेल्ड कॅमेलिऑन' ही जात विशेष प्रचलित आहे. तिचे मूळस्थान येमेन व सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग. बाजारात मिळणारे दोन-तीन महिन्यांचे पिलू अत्यंत नाजूक असते आणि त्याच्या दगावण्याचे कारण अनेकदा पिंजऱ्यातच सापडते.

पिंजरा काचेच्या पेटीपेक्षा चहूबाजूंनी जाळीचा, हवेशीर आणि उभट असावा. पिलासाठी सुमारे ४० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच पिंजरा पुरतो. प्रौढास ६० बाय ६० बाय १२० सेंटिमीटरचा लागतो. आत बोटाएवढ्या जाडीच्या आडव्या-तिरप्या फांद्या आणि मनी प्लांट किंवा जास्वंदीसारखी दाट पाने हवीत. लपायला जागा नसलेले पिलू सतत भयग्रस्त राहते. तळाशी माती वा भुसा न घालता साधा कागद अंथरावा, कारण भक्ष्याबरोबर तेही पोटात जाते. दोन पिले एकत्र वाढवू नयेत. एकमेकांचे नुसते दर्शनही त्यांना ताण देते.

उष्णतेच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. दिव्याखालील फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमान पुरेसे असते, अन्यत्र २२ ते २५. दिवा जाळीबाहेरच ठेवावा. अंग भाजेपर्यंत हा प्राणी दिव्याजवळून हलत नाही! याखेरीज रोज बारा तास अतिनील-ब किरणांची नळी लागते. ती नसल्यास कॅल्शियम शोषले न जाऊन हाडे वाकतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन येथे निरुपयोगी ठरते, कारण काच हे किरण अडवते.

वाटीतले साचलेले पाणी कॅमेलिऑन सहसा ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारणी करावी व मधल्या वेळात जाळी कोरडी होऊ द्यावी. सततची ओल फुप्फुसांना बाधते. कॅल्शियमची भुकटी लावलेले लहान रातकिडे रोज द्यावेत, मात्र डोळ्यांमधील अंतराहून मोठे नकोत.

भारतात आढळणारा घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने तो पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. व्हेल्ड कॅमेलिऑन 'साइटिस' कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये येतो. त्यामुळे २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार भारतात तो बाळगणाऱ्याने 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे.